बिरुद आणि आधार

गेल्या हिंवाळ्यांत एका तालुक्याच्या गांवीं भरलेल्या सभेचें अध्यक्षस्थान आम्हांकडे आलें होतें. कार्यक्रम नेहमींचाच होता. सैन्यांत कामास आलेल्या जवानांच्या पत्नींचा सत्कार, दोन-तीन भाषणें, शेवटीं राष्ट्रगीत. आम्हींही आमच्या भाषणांत वीरपत्नी, वीरमाता, त्याग, तेज इत्यादि शब्दांची यथाशक्ति उधळण केली व टाळ्या मिळविल्या. पुढें सत्कार सुरू झाला. एका बाईंच्या खांद्यावर आम्ही शाल घालीत असतां त्या हळू आवाजांत म्हणाल्या, "सर, ही अकरावी शाल. ट्रंकेंत आतां जागा नाहीं. पण माझं पोरगं रात्रीं दचकून उठतं, शाळेंत जाईना झालंय. त्याला कुणाला दाखवूं, तेवढं सांगा."

दहा मिनिटांपूर्वीं ध्वनिक्षेपकापुढें आमच्या वाणीला खळ नव्हता. या साध्या प्रश्नाला मात्र आम्हांजवळ उत्तर नव्हतें. "पाहूं, विचारून कळवितों," असें कांहींतरी पुटपुटून आम्ही पुढच्या शालीकडे वळलों.

त्या दिवसापासून एक विचार आमची पाठ सोडीत नाहीं, आणि तो वाचकांपुढें स्पष्ट शब्दांत मांडणें आम्हांस कर्तव्य वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: युद्ध संपल्यावर ज्यांच्या मनाला जखम झाली त्यांना समाज आधार देत नाहीं, बिरुद देतो, आणि बिरुदाबरोबर वागणुकीची एक अटही घालतो. पुरुषाला तो सांगतो, 'तूं वीर आहेस, तेव्हां रडूं नकोस.' स्त्रीला सांगतो, 'तूं वीराची आहेस, तेव्हां बदलूं नकोस.' अट पाळली तर शाल, मोडली तर पाठ. या व्यवहारांत दोघांचाही घात होतो. परंतु स्त्रीचा अधिक होतो, कारण तिच्या अटीला मुदत नसते.

हा पक्षपात आजचा नव्हे. महाभारतांतील अठरा दिवसांचें युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतें. रणांगणावर आपापल्या माणसांचीं प्रेतें शोधीत फिरणाऱ्या स्त्रिया, गांधारीचा विलाप, तिनें श्रीकृष्णास दिलेला शाप, हें सर्व एका लहानशा पर्वांत आटोपतें. त्यानंतर युधिष्ठिराच्या मनाला पश्चात्ताप ग्रासतो. जिंकलेलें राज्य त्याला नकोसें होतें, वनांत निघून जावेंसें वाटतें. त्याची समजूत घालावयास भाऊ येतात, द्रौपदी येते, व्यास येतात, श्रीकृष्ण येतो, आणि शरपंजरीं पडलेला भीष्म तर बोलतच राहतो. शांतिपर्व व अनुशासनपर्व अशा दोन विस्तीर्ण पर्वांना एका पुरुषाच्या शोकाचें निमित्त पुरतें. त्याच युद्धांत द्रौपदीचे पांचही पुत्र मारले गेले. तिच्या वाट्याला गांधारीच्या समदुःखाचे चार शब्द येतात, आणि लवकरच तीच दुसऱ्याची समजूत घालणारांत उभी असलेली दिसते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. युधिष्ठिराचा त्या वेळीं कोणी सत्कार केला नाहीं. त्याच्याजवळ माणसें बसलीं. त्यानें एकच शंका दहा वेळां विचारली तरी त्यांनीं ती ऐकून घेतली. आधार म्हणतात तो हा. तो कसा द्यावा हें आपणांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. कोणाला द्यावा याविषयीं मात्र आपला हात नेहमींच आंखडता राहिला.

यावर आमच्या सुशिक्षित मित्रांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. ते म्हणतात, स्त्रियांचें मन निसर्गतःच हळवें. युद्धाचा परिणाम त्यांच्यावर अधिक व्हावयाचाच. त्यांत समाजाचा काय दोष? आंकडे वरवर पाहिले तर या म्हणण्याला पुष्टि मिळाल्यासारखी वाटते. अमेरिकेंत १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत आघातानंतर जडणारा मनोविकार आयुष्यांत केव्हां ना केव्हां झाल्याचें प्रमाण स्त्रियांत शेंकडा १०.४ व पुरुषांत शेंकडा ५ आढळलें. परंतु त्याच देशांत व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्यांची जी राष्ट्रीय पाहणी १९८८ सालीं पुरी झाली, तिच्यांत हा विकार त्या वेळीं असलेले पुरुष शेंकडा १५.२ निघाले व स्त्रिया शेंकडा ८.५. त्या स्त्रिया बहुतेक परिचारिका होत्या. त्यांचा अनुभव शिपायांच्या अनुभवाहून निराळा होता, म्हणून ही तुलना सरळ नाहीं हें आम्ही मान्य करितों. पण मग तोच न्याय पहिल्या पाहणीसही लावला पाहिजे. स्त्रियांच्या व पुरुषांच्या वाट्याला येणारे आघातच वेगळे असतात, आणि त्यांनंतर मिळणारी वागणूकही वेगळी असते. मन स्त्रीचें कीं पुरुषाचें एवढ्यावरूनच जर निकाल लागत असता, तर हे दोन आंकडे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले नसते.

पुरुषाचें मन वज्राचें असतें हा समज तर पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतच गाडला गेला. १९१५ च्या फेब्रुवारींत चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांतील आपल्या लेखांत 'शेल शॉक' हें नांव वापरलें. धडधाकट जवान मुके होत होते, थरथरत होते, अंगावर जखम नसतां त्यांचे पाय लुळे पडत होते. तोंपर्यंत असल्या लक्षणांना 'हिस्टेरिया' म्हणत व तो बायकांचा रोग समजत. तो शब्दच मुळीं गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला. आतां तोच रोग मिशीवाल्या शिपायांना झाला, तेव्हां वैद्यांची मोठी अडचण झाली. तिच्यांतून त्यांनीं वाट काढली ती अशी कीं, अधिकाऱ्याला झाला तर 'न्यूरेस्थेनिया' म्हणावें आणि साध्या शिपायाला झाला तर 'हिस्टेरिया'. स्कॉटलंडांत क्रेगलॉकहार्ट येथें डॉ. रिव्हर्स अधिकाऱ्यांजवळ बसून त्यांचें बोलणें शांतपणें ऐकत, लंडनमध्यें डॉ. यीलंड मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देत. पळून जाणें, भ्याडपणा अशा गुन्ह्यांखालीं ब्रिटिश सैन्यानें ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांपैकीं ३०६ जणांना क्षमा मिळाली ती २००६ सालीं, म्हणजे सुमारें नव्वद वर्षांनीं. पुरुषानें घाबरूं नये ही अट मोडल्याचा हा दंड होता.

आतां स्त्रीच्या अटीकडे वळूं. त्याच युद्धांत ब्रिटिश शिपायाच्या पत्नीस सरकारकडून भत्ता मिळत असे. १९१४ साल संपण्याच्या आंतच सरकारनें असें ठरविलें कीं, जी पत्नी दारू पिईल अगर गैरवर्तन करील ती भत्त्यास अपात्र समजावी. आणि तिच्या वर्तनावर नजर ठेवण्याचें काम पोलिसांवर सोंपविलें. पुढें विधवांच्या निवृत्तिवेतनासही हाच नियम लागला. नवरा फ्रान्समध्यें चिखलांत लढत होता, आणि त्याच्या घरीं कोण येतें-जातें हें पाहण्यास शेजारीं शिपाई उभा होता! त्या बाईला रात्रीं झोप येते कीं नाहीं हें पाहण्यास कोणी उभें राहिल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

जी स्त्री घरीं न बसतां स्वतःच लढावयास गेली, तिचें तरी काय झालें? दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट सैन्यांत सुमारें आठ लक्ष स्त्रिया होत्या. त्यांत नेमबाज होत्या, वैमानिक होत्या, जखमी जवान पाठीवर घेऊन सरपटत येणाऱ्या परिचारिका होत्या. स्वेतलाना अलेक्सियेविच यांनीं यांतील शेंकडों स्त्रियांना बोलतें करून १९८५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें २०१५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या ग्रंथांतून जें कळतें तें मन विषण्ण करणारें आहे. विजयानंतर पुरुष आपलीं पदकें छातीवर लावून मिरवीत. कित्येक स्त्रियांनीं आपलीं पदकें पेटींत लपविलीं. आघाडीवर पुरुषांत राहून आलेली मुलगी म्हणजे काय चीज असावी, अशी कुजबुज गांवांत व सासरीं होई. लढलों हें सांगावें तर चारित्र्यावर शिंतोडे, आणि न सांगावें तर रात्रीं पडणाऱ्या स्वप्नांचा अर्थ कोणाजवळ बोलावा? यांतील कित्येकींनीं चाळीस वर्षें मौन पत्करलें.

परंतु बिरुदाची परिसीमा पाहावयाची असेल तर आपल्या शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावें. १९७१ च्या १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानें ढाक्यास शरणागति पत्करली. त्यापूर्वींच्या नऊ महिन्यांत अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रियांची संख्या वादग्रस्त आहे. बांगलादेश सरकारचा आंकडा दोन लक्षांचा. विजयानंतर आठवड्याच्या आंत, २२ डिसेंबरला, नव्या सरकारनें या स्त्रियांना 'वीरांगना' हें बिरुद दिलें. १९७२ सालीं त्यांच्या पुनर्वसनासाठीं मंडळही नेमलें. हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. बळी पडलेल्या स्त्रीला कलंकित न म्हणतां वीर म्हणणें ही सामान्य गोष्ट नव्हे. पण गांवांत काय झालें? बंगालींत 'व' चा उच्चार 'ब' होतो. लोकांनीं एक स्वर बदलला आणि 'बीरांगना' ची 'बारांगना' केली. मराठी वाचकास हें समजावून सांगावयास नको. वीरांगना व वारांगना यांत आपल्या भाषेंतही तेवढेंच अंतर आहे. सरकारनें या स्त्रियांचे विवाह जुळविण्याची मोहीम काढली, तेव्हां वर थोडे आले आणि त्यांच्या मागण्या मात्र मोठ्या. म्हणजे उद्धारासही हुंडा!

फिरदौसी प्रियभाषिणी या नामवंत शिल्पकार स्त्रीनें आपला अनुभव जाहीरपणें सांगितला तो १९९९ सालीं. मध्यें अठ्ठावीस वर्षें गेलीं होतीं. आणि वीरांगनांना मुक्तियोद्ध्यांच्या यादींत घेऊन त्यांच्या बरोबरीनें मासिक भत्ता देण्यास आरंभ झाला तो २०१५ च्या सुमारास. बिरुद सहा दिवसांत मिळालें. हक्काचे पैसे मिळण्यास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. तोंपर्यंत कित्येकींनीं जगाचा निरोप घेतला होता.

शेजाऱ्यास नांवें ठेवून आम्ही थांबलों तर तो अप्रामाणिकपणा होईल. आपल्याकडे शौर्यपदक मिळविणाऱ्या जवानाच्या मागें त्याच्या विधवेस जो मासिक भत्ता मिळतो, तो तिनें पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. फक्त मृत पतीच्या भावाशीं, म्हणजे दिराशीं, तिनें लग्न लाविलें तर तो चालू राही. ही अट सरकारनें रद्द केली ती नोव्हेंबर २०१७ मध्यें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. महर्षि कर्व्यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह करून दाखविला. आणि स्वतंत्र भारताच्या एका नियमांत वीराची पत्नी एकविसाव्या शतकाच्या सतराव्या वर्षापर्यंत सासरच्या मालमत्तेसारखी नांदत होती! अट गेली हें उत्तम झालें. पण ती ज्या मनोवृत्तींतून निघाली ती मनोवृत्ति सरकारी आदेशानें रद्द होत नाहीं. ती आमच्या सभांत, आमच्या शब्दांत, आणि 'वीरपत्नी असून ही रंगीत लुगडें नेसते' असें म्हणणाऱ्या आमच्या ओसरीवरच्या गप्पांत अजून सुखानें नांदत आहे.

दुसरा आक्षेप आमच्या कुटुंबव्यवस्थेच्या अभिमान्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, हे सारे पाश्चात्त्यांचे रोग. आमच्या घरांत चार माणसें असतात, तींच आधार देतात. मनाच्या वैद्याची आम्हांस गरज नाहीं. आधाराचें महत्त्व आम्ही कसें नाकारूं? उलट शास्त्राचीही तीच साक्ष आहे. २००० सालीं ब्रूइन, अँड्र्यूज व व्हॅलेंटाइन या तिघा संशोधकांनीं आघातोत्तर विकारावरील ७७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत स्त्री असणें किंवा पुरुष असणें याचा संबंध अल्प आढळला. आघातानंतर आधार न मिळणें याचा संबंध मात्र सर्वांत प्रबळ गोष्टींपैकीं एक ठरला. पण आधार म्हणजे घरांतील डोक्यांची संख्या नव्हे. ज्या घरांत दहा माणसें आहेत, आणि दहाही माणसें 'पांढऱ्या पायाची' म्हणून एकीकडे बोट दाखवीत आहेत, तें घर आधार कीं आघात? निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर सासऱ्याचा डोळा, मुलाच्या ताब्यावरून भांडण, माहेरीं भावजयीचा तोंडाळपणा, हेंही कुटुंबच आहे. आणि जो पुरुष परत येतो, त्याला तरी हें कुटुंब काय विचारतें? किती शत्रु मारले, एवढेंच. त्याचा हात कां थरथरतो, तो दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें खोलींत कां जाऊन बसतो, हें विचारलें तर त्याच्या मर्दपणाचा अपमान होईल अशी सर्वांस भीति. मग त्याचें उत्तर दारूच्या बाटलींतून निघतें, आणि तें ऐकावें लागतें त्याच्या बायकोला. एकाची अट दुसरीच्या अंगावर अशी कोसळते.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाचें नांवच 'अपशिंगे मिलिटरी' असें पडलें आहे. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान पडले, व त्यांच्या स्मरणार्थ तेथें शिळा आहे. ती असलीच पाहिजे. परंतु त्या घरांत मागें राहिलेल्या बायकांनीं व पोरांनीं पुढचीं वर्षें कशीं काढलीं, त्याची नोंद कोणत्या शिळेवर आहे?

तिसरा आक्षेप थोडा भावनेचा आहे. 'तुम्ही वीरांच्या सन्मानाविरुद्ध आहां काय?' असें आम्हांस विचारण्यांत येईल. नाहीं, सन्मान अवश्य करावा. आमचा विरोध सन्मानाला नसून सन्मान केल्यावर कर्तव्य संपलें असें मानण्याला आहे. सन्मानाची सभा एका दिवसाची असते, आणि आघात झालेल्या मनाचें खरें दुखणें पुष्कळदां सभा संपून महिने लोटल्यावर वर येतें.

मग करावें काय? यालाही उदाहरण आहे. १९९२ सालीं बोस्नियांत युद्ध पेटलें व स्त्रियांवरील अत्याचारांच्या वार्ता युरोपभर पसरल्या. मोनिका हाउझर नांवाची एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः झेनित्सा गांवीं गेली, आणि तेथील स्थानिक डॉक्टर व मानसतज्ज्ञ स्त्रियांना बरोबर घेऊन युद्ध चालूं असतांच १९९३ सालीं तिनें 'मेडिका झेनित्सा' ही संस्था उभी केली. एका छपराखालीं शरीराचे उपचार, मनाचे उपचार, राहण्याची सोय आणि पुढें पोट भरण्यासाठीं कामाचें शिक्षण. येणारी बाई कोणत्या धर्माची हें विचारावयाचें नाहीं, आणि तिनें आपली कहाणी सांगितलीच पाहिजे असा आग्रह धरावयाचा नाहीं. पुढें २००६ सालीं बोस्नियाच्या दोन विभागांपैकीं एकानें, म्हणजे 'फेडरेशन'ने, कायदा दुरुस्त करून अशा स्त्रियांना युद्धांतील नागरिक बळी म्हणून मासिक साहाय्याचा हक्क दिला. इतर बळींना शरीराची शेंकडा ६० हानि सिद्ध करावी लागे. ती अट यांना लाविली नाहीं. मनाची जखम मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं, हें एका कायद्यानें मान्य केलें. तेथें सर्व कांहीं ठीक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. छळछावण्यांत पुरुषांवरही असलेच अत्याचार झाले, हेग येथील न्यायाधिकरणाच्या १९९७ च्या टाडिच खटल्याच्या निकालांत त्यांची नोंदही झाली. पण ते पुरुष उपचारास पुढें येण्यास आणखी कचरत. पुरुषानें बळी असूं नये, ही अट तेथेंही आडवी आलीच. तथापि दिशा कोणती, तें झेनित्सानें दाखविलें. आधी आधार, आणि तोही बिनशर्त.

खर्चाची सबब सांगणारांस एवढेंच सांगतों: जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २०१९ सालीं काढलेला अंदाज असा कीं, युद्धग्रस्त प्रदेशांतील दर पांच माणसांत सुमारें एकास कोणता तरी मनोविकार असतो. हा खर्च टळत नाहीं. तो सरकारच्या वहींत न मांडला तर घरोघरच्या वहींत मांडला जातो. आणि आपल्या देशांत कांहींच नाहीं असेंही नव्हे. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून 'टेली-मानस' नांवाची विनामूल्य दूरध्वनिसेवा चालूं आहे; तिचा क्रमांक १४४१६.

हा क्रमांक त्या सभेच्या दिवशीं आम्हांस ठाऊक नव्हता, ही आमची खरी लाज आहे. तेजाला व त्यागाला आमच्याजवळ विशेषणांची वाण नव्हती; चार-पांच आंकडे मात्र नव्हते. पुढें आम्हीं ते मिळविले, जिल्ह्याच्या रुग्णालयांत कोणत्या दिवशीं मनोविकारांचे डॉक्टर बसतात त्याची चौकशी केली, आणि त्या बाईंना पत्र धाडलें. उत्तर आलें नाहीं. तें यावें असा आमचा हक्कही नाहीं. बोलावणें आलें तर अशा सभेस आम्ही पुन्हा जाऊं. मात्र शालीचे पैसे वाचवून त्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं एक डॉक्टर आणून बसवावा, आणि सभेनंतर सहा महिन्यांनीं कोणीतरी प्रत्येक घरीं जाऊन 'झोप येते ना?' एवढें विचारून यावें, या दोन गोष्टी कबूल असल्या तरच जाऊं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना अशीं अध्यक्षपदें मिळतात, त्यांनींही हीच अट घालावी. आजवर अटी त्या बायकांना घालण्यांत आल्या. यापुढें त्या सत्कार करणारांना घातलेल्या बऱ्या.